लाल टोपणाची सिरिंज

मेधा, ए-२०३ (सेक्रेटरी), सकाळी ८:४२
सगळ्यांनी वाचा, फॉरवर्ड नाहीये. आज बी विंगखाली सुका कचरा वेगळा करताना लतामावशींना अंगठ्याला सुई टोचली. दुधाच्या रिकाम्या पिशवीत तीन इन्सुलिन सिरिंज कोंबल्या होत्या, एकीला टोपण नव्हतं. हातमोजा होता, तो फोडून आत गेली. डॉ. सारंग त्यांना घेऊन दवाखान्यात गेलेत.

योगेश, ए-५०४
बी विंगमधलं कोण ते कॅमेऱ्यात बघा ना. दंड लावा सरळ.

नेने आजी, सी-००१
शुभ सकाळ. हसत राहा, निरोगी राहा.

नेने आजी, सी-००१
अगं बाई. वरचं आत्ता वाचलं. फार लागलं का?

देशपांडे काका, बी-४०१
कॅमेरा नको. टोपण लाल असेल तर सिरिंज माझी. आमच्या विंगमध्ये कुपीतून इन्सुलिन घेणारा मी एकटाच, बाकी सगळे इन्सुलिन-पेनवाले.

मेधा
लालच आहे, काका.

देशपांडे काका
मग प्रश्नच मिटला. मी टोपण लावूनच टाकतो, पण परवा रात्री लाइट गेली होती. मावशींचा सगळा खर्च माझ्याकडे.

सुषमा, बी-३०२
काका, एकट्याने अंगावर घेऊ नका. आईच्या पेनच्या सुया मीही टिश्यूत गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकते. चार मिलिमीटरची तर सुई, हिने कोणाला काय होणार असं वाटायचं.

शिंदे, ए-१०१
रक्त पिळून काढलं का? वर डेटॉल ओतायला हवं होतं.

डॉ. सारंग, सी-१०२, सकाळी १०:१५
शिंदे, पिळायचं नाही, डेटॉलही नको. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा, बस. मेधाने तेच केलं होतं.
लोक एचआयव्हीला घाबरतात, पण बाधित सुईतून तो लागण्याची शक्यता हजारात तीन. हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला सूज आणणारा विषाणू, त्याहून कितीतरी चिवट आहे, अंगाबाहेर ७ दिवस तरी टिकतो. लस न घेतलेल्याला बाधित सुई टोचली तर लागण्याची शक्यता ६ ते ३० टक्के. मावशींनी लस कधीच घेतली नव्हती, आज पहिला डोस दिला. धनुर्वाताचंही इंजेक्शन झालं. एचआयव्हीवरचं औषध लागलंच तर ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. काका, तुम्हाला फोन करतो, पुढचं ग्रुपवर नको.

देशपांडे काका
लपवायचं काय त्यात. माझं रक्त तपासायचंय ना? निघालो, लॅबमध्येच भेट.

योगेश
दंडाचं मागे घेतो. पण टाकायच्या कुठे या सुया? डॉक्टर, तुमच्या क्लिनिकमध्ये पांढरा डबा असतो, त्यात टाकू का सगळ्यांनी?

डॉ. सारंग
तो डबा बायोमेडिकल नियमांतला, म्हणजे दवाखान्यातल्या कचऱ्यासाठी. पिशव्यांवर बारकोड लागतो, वजनाची नोंद होते. घरच्या सुया घनकचरा नियमांप्रमाणे घरगुती घातक कचऱ्यात, ट्यूबलाइट, बॅटरी, मुदत संपलेली औषधं यांच्या पंगतीत. आपण त्यांना दुधाच्या पिशवीत बसवतो. आपल्या सोसायटीच्या माझ्याकडे घेता येतील का, ते क्लिनिकचा कचरा नेणाऱ्या गाडीवाल्यांना विचारतो.

शिंदे
मी महापालिकेच्या आरोग्य कोठीवर विचारून येतो. घातक कचऱ्याची वेगळी गाडी कधी येते ते कळेल.

सुषमा
तोवर पाण्याच्या बाटलीत साठवू?

डॉ. सारंग
पातळ असते, सुई आरपार येते. काच फुटते. फिनेल किंवा टॉयलेट क्लीनरची जाड बाटली घ्या. वापरली की जागेवरून थेट बाटलीत, टोपण परत लावायच्या नादात माणूस स्वतःलाच टोचून घेतो. पेनची सुई मात्र बाहेरचं मोठं टोपण चढवून फिरवून काढा. शुगर बघायच्या लॅन्सेटही त्यातच. पाऊण भरली की झाकण घट्ट, वर टेप.

योगेश
झालं मग. बाटली बंद, सुक्या कचऱ्यात. विषय संपला.

मेधा, दुपारी १२:३०
नाही संपला. मावशी आत्ता माझ्याकडे बसल्यात, त्यांना हे वाचून दाखवलं. हसल्या. म्हणाल्या, "ताई, जाड बाटलीला भंगारात भाव येतो. ती मी उघडणार, आत काही असलं तर हलवून ओतणार. मी नाही तर भंगारवाल्याचा पोरगा."

योगेश
हे डोक्यातच आलं नव्हतं.

सुषमा
माझ्याही. आपण बाटली देऊन मोकळे, तिकडे कोणीतरी हात घालणार.

देशपांडे काका
झाकणाला एम-सील लावतो. हत्तीने ओढलं तरी निघायचं नाही. वर मोठ्या अक्षरात "सुया, उघडू नये".

मेधा
काका, मावशींना वाचता येत नाही, आणि मान्य करायची त्यांना लाज वाटत नाही. त्यांनीच सुचवलंय: सॅनिटरी पॅडच्या पुडीवर लाल ठिपका काढता तसा बाटलीवर काढा, चारही बाजूंनी, तो लांबून कळतो. आणि बाटली डब्यात टाकायचीच नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी ऑफिसात आणून द्यायची, मी वहीत लिहून घेईन. पुढे डॉक्टरांकडे की कोठीवर, हे शिंदे आणि सारंग परवापर्यंत सांगतील.

नेने आजी
माझ्याकडे फिनेलच्या पाच रिकाम्या बाटल्या आहेत. कोणाला हव्या तर घेऊन जा. धुतलेल्या आहेत.

देशपांडे काका
मला दोन. दिवसाला दोन सुया, महिन्याला साठ.

देशपांडे काका, संध्याकाळी ७:०५
रिपोर्ट आले. हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही, तिन्ही निगेटिव्ह. मावशींना फोन केला, तिच्या मुलाने उचलला. बराच वेळ बोलला. ऐकून घेतलं.

डॉ. सारंग
लसीचे पुढचे दोन डोस तरीही घ्यायचेतच, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. मेधा, तारखा लिहून ठेव, मावशी विसरतील.

मेधा
लिहिल्या. नेणार मी, पैसे काकांचे. वाद नको.

योगेश, रात्री ९:२०
आमच्याकडे बाटली तयार. लाल मार्कर मिळाला नाही, निळा ठिपका काढलाय. चालेल ना?

मेधा
नाही.