मदत हवी आहे: आउटबोर्ड इंजिन भर पाण्यात रेस सोडतं, गोळा दाबला की पुन्हा धरतं

नमस्कार मंडळी. मी नंदुरबार जिल्ह्यातला, अक्राणी तालुक्यातला. सरदार सरोवराचं पाणी आमच्या डोंगरांत शिरलं आणि अक्राणी-अक्कलकुवा मिळून ३३ गावं बाधित झाली, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. नर्मदाकाठच्या पाड्यांवर आजही बाजार, रेशन, शाळेची पोरं, आजारी माणूस, सगळं होडीनेच जातं-येतं. आमची लाकडी होडी आहे आणि तिला मागे बाहेरून लावायचं १५ एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन (आउटबोर्ड) आहे, कार्बोरेटरवालं. किनाऱ्याकडून जुनं घेतलेलं. पेट्रोलची टाकी वेगळी, होडीत ठेवायची, मध्ये काळी नळी आणि पेट्रोल इंजिनकडे ढकलायला हाताने दाबायचा रबरी गोळा.

अडचण अशी. गार इंजिन चोक ओढून पहिल्या-दुसऱ्या दोरीत चालू होतं. आयडलला एकदम गोड चालतं, हळू चालवलं तरी तक्रार नाही. पण भरल्या होडीत पूर्ण रेस दिली की थोड्या वेळाने आवाज बसतो, रेस पडत जाते आणि इंजिन बंद. कुणीतरी गोळा दाबत राहिलं तर मात्र चालत राहतं. सकाळी जास्त वेळ धरतं, दुपारच्या उन्हात लवकर सोडतं.

आतापर्यंत केलेलं: दोन्ही प्लग नवे. कार्बोरेटर खोलून जेट फुंकले, फ्लोटची सुई पाहिली. फिल्टर बदलला. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडाच असतो, नक्की. नळीतून पेट्रोल कुठेही गळत नाही, गोळा जोरात दाबूनही थेंब नाही. गोळा चपटा होत नाही, पण चालता चालता मऊ पडतो.

माझे प्रश्न: इंजिनच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) गेला की नळी हवा धरते, हे खोलण्याआधी कसं ओळखायचं? आणि हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलचा यात हात आहे का? आमच्याकडे पेट्रोल वरून डब्यात आणावं लागतं, त्यामुळे ते पडूनही राहतं. इथले मेकॅनिक मोटारसायकल आणि शेतीपंप उत्तम करतात, पण आउटबोर्ड कुणी हाताळलेलं नाही. पावसाळा तोंडावर आहे. पायवाटा बंद झाल्या की होडीशिवाय रस्ता नाही, आणि बाळंतीण बाई घेऊन मधोमध इंजिन बंद पडलं तर काय, या विचाराने झोप लागत नाही.

प्रतिसाद (हतनूरच्या बॅकवॉटरवरून)

भाऊ, आधी अर्धी शंका एका फटक्यात संपवा. कुणाची तरी धडधाकट चालणारी टाकी, नळी, गोळा असा अख्खा संच मागून आणा आणि तुमच्या इंजिनला लावा. त्यावर नीट चाललं तर दोष टाकी-नळीत आहे, इंजिनला हात लावू नका. तरीही रेस पडली तर पंप नाहीतर कार्बोरेटर. आमच्याकडे मासेमारीवाले पहिलं हेच करतात.

गोळ्याचं म्हणाल तर, चालत्या इंजिनवर तो थोडा मऊ होणं ठीक आहे, कारण पंप त्यातून ओढत असतो. चपटा झाला असता तर टाकीकडून अडकलंय असं म्हटलं असतं: हवेचा स्क्रू, टाकीतल्या नळीची जाळी, नाहीतर आतून फुगून बंद झालेली नळी. तुमचं तसं दिसत नाही.

प्रतिसाद (धुळे, आधी किनाऱ्यावर काम केलेला मेकॅनिक)

‘कुठेही गळत नाही’ यावर विसंबू नका. गोळा दाबल्यावर दाब फक्त गोळ्यापासून इंजिनपर्यंतच्या नळीत येतो. त्या भागात चीर असेल तर पेट्रोल बाहेर दिसेल. टाकीपासून गोळ्यापर्यंत मात्र कायम ओढच असते. तिथे सैल जोड असला तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून टाकीचा कनेक्टर, त्यातली ओ-रिंग (रबरी कडी) आणि टाकीत बुडालेल्या नळीचा वरचा जोड आधी तपासा.

पाहायची सोपी रीत: गोळा आणि इंजिन यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी क्लिप लावून बसवा. होडी घाटाला दोन्ही बाजूंनी पक्की बांधा, पंखा पाण्यात, गिअर टाकून रेस द्या. नळीत बुडबुडे धावताना दिसले तर हवा शिरतेय. मग तीच नळी टाकीच्या तोंडाशी लावून पाहा. तिथेही बुडबुडे असतील तर टाकीचा जोड, नसतील तर मधली नळी किंवा गोळ्याच्या क्लिपा. तपासणी झाली की पारदर्शक नळी काढून टाका, पेट्रोल आणि ऊन दोन्हींनी ती कडक होऊन तडकते.

बुडबुडे नाहीत आणि तरी रेस पडते, तर डायफ्राम. टू-स्ट्रोकमध्ये पंपाला वेगळी शक्ती नसते. क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या बंद पेटीत) पिस्टनच्या हालचालीने दाब वर-खाली होतो, त्या झटक्यांवर डायफ्राम हलतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. रबर ताठ झालं की आयडलपुरतं पेट्रोल पोचतं, पूर्ण रेसला लागतं तेवढं पोचत नाही. डायफ्रामला बारीक भोक पडलं तर पेट्रोल उलट क्रँककेसमध्ये जातं, मग आयडलला धूर आणि काळे ओले प्लग दिसतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. गोळा दाबत दाबत माणसं नेऊ नका. तुमच्या इंजिनला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळतं. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं, आणि तेही पूर्ण रेसवर, सगळ्यात तापलेलं असताना. पिस्टन जाम होऊन बसायला वेळ लागत नाही. दोष सापडेपर्यंत कमी माणसं, कमी रेस, आणि होडीत दोन वल्ही ठेवा.

प्रतिसाद (शहादा)

पेट्रोलचं मी सांगतो. २०२५ पासून देशभर बहुतेक पेट्रोल पंपांवर २० टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. काही प्रमाणापर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये विरघळून राहतं, मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं. गारव्यात ही मर्यादा कमी होते, म्हणून संध्याकाळी साफ दिसलेलं पेट्रोल पहाटे फाटलेलं सापडू शकतं. तुमच्यासाठी खरा धोका पुढे आहे: ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि टाकीतली नळी तळातून ओढते. म्हणजे इंजिनला बिनऑइलचं पाणी-इथेनॉल जातं. प्रत्येक वेळी टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते इंजिनला देऊ नका. ऑइल टाकून जास्त दिवस ठेवू नका. ५० भाग पेट्रोलला एक भाग ऑइल (५०:१) म्हणजे लिटरला २० मिलि, निघायच्या आदल्या दिवशी मिसळा. डबे जवळजवळ भरून, वर थोडीच जागा सोडून, घट्ट बंद, सावलीत.

जुनी रबरी नळी आणि ओ-रिंगही इथेनॉलने फुगतात, मग ताठ होतात. आणि खान्देशातलं मे महिन्याचं ऊन! काळ्या नळीत पेट्रोलची वाफ होते, ओढ जितकी जास्त तितकी वाफ लवकर. तुमचं दुपारी लवकर सोडणं त्यामुळेच असावं. टाकीवर ओलं गोणपाट टाका, नळी फळीखालून न्या.

मूळ लेखकाचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. पारदर्शक नळी लावली. पूर्ण रेसला बुडबुड्यांची माळच दिसली, आणि टाकीच्या तोंडाशी लावल्यावरही तशीच. टाकीच्या कनेक्टरमधली ओ-रिंग चपटी होऊन एका बाजूने चिरली होती. बाहेरून काही कळत नव्हतं. नवी बसवली, नळीही इथेनॉल चालणारी आणली. बुडबुडे थांबले. घाटाला बांधून सकाळी रेस अजिबात पडली नाही, पण दुपारी शेवटी शेवटी थोडी बसते. पंप खोलला तर डायफ्रामच्या कडा वळलेल्या आणि ताठ.

बाटलीतल्या पेट्रोलला थर आला नाही, पण तळाला गंजाचे कण होते. लोखंडी डबा बाद केला.

आता डायफ्रामचा संच कुठे मिळेल? मापाने कापून घरी बनवलेला चालेल का?

प्रतिसाद (धुळे)

घरी कापलेला लावू नका. जाडी आणि लवचीकपणा बदलला की पंपाचं माप बिघडतं, आणि त्याच पडद्यातल्या झडपांच्या जिभा हाताने तशा कापता येत नाहीत. इंजिनच्या पाटीवरचा मॉडेल नंबर आणि जुन्या डायफ्रामचा फोटो पाठवा, मुंबई-रत्नागिरीकडे किंवा सुरतेला बंदराच्या बाजारात संच मिळतो. गॅस्केट सोबतच घ्या आणि एक संच जादा मागवून होडीत ठेवा. बसवताना जिभांची दिशा पाहा, खोलण्याआधी फोटो काढला नसेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, चित्र काढून पाठवतो. त्यानंतर रिकामी होडी काठाकाठाने दुपारी पूर्ण रेसवर चालवून बघा, आणि प्लगचा रंग इथे कळवा.