स्क्रॅच : एक सफरचंद झेललं की गुण वीसने वाढतात

खडूवाल्या बाई

नमस्कार मंडळी. अकोले तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सहावी-सातवीला गणित-विज्ञान शिकवते. देणगीतून जुने लॅपटॉप आलेत, त्यांवर स्क्रॅच (रंगीत ठोकळे, म्हणजे ब्लॉक, जोडून प्रोग्रॅम बनवायचं मुलांसाठीचं सॉफ्टवेअर) टाकून घेतलंय. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात घ्यायचं, म्हणून आधी एका व्हिडिओवरून स्वतः शिकतेय.

खेळ नेहमीचाच. वरून सफरचंद पडतं, खाली वाडगा, बाणाच्या कळांनी सरकवायचा आणि झेलायचं. व्हिडिओत एका सफरचंदाला एक गुण मिळतो. माझ्याकडे कधी अकरा, कधी पंधरा, अगदी मधोमध झेललं तर वीसच्या आसपास. सातवीतल्या एका पोराला खेळून बघायला दिलं, तर त्याने पाच मिनिटांत हे हेरलं. आता तो वाडगा मुद्दाम बरोबर मधे धरतो आणि बाकीच्यांच्या दुप्पट गुण मिळवतो. याला रागवायचं की शाबासकी द्यायची?

वाडग्याला लावलेले ब्लॉक असे : हिरवा झेंडा (तो दाबला की सुरू), खाली 'फॉरएव्हर' (आतलं सतत करत राहा), त्यात 'इफ टचिंग ॲपल' (सफरचंदाला शिवलं तर), त्यात 'चेंज स्कोअर बाय १'. सफरचंदाला : 'फॉरएव्हर'मध्ये 'चेंज वाय बाय -५' (वाय म्हणजे उंची), आणि वाय -१७० च्या खाली गेला की परत वर पाठवायचं. व्हिडिओशी ताडून बघावं म्हटलं, तर शिकवणाऱ्या गृहस्थांचा चेहरा उजव्या कोपऱ्यात गोल चौकटीत बसलाय आणि नेमका स्क्रिप्टचा (जोडलेल्या ब्लॉकच्या माळेचा) शेवट त्यांच्या हनुवटीमागे गेलाय.

बाकीही गोंधळ आहेच. त्यांची स्टेज (खेळ दिसतो ती चौकट) डावीकडे, माझी उजवीकडे. ते म्हणतात 'तपकिरी ब्लॉक ओढा', माझ्याकडे तपकिरी काहीच नाही. पुढच्या भागात ते पेनने चौकोन काढतात, मला पेन सापडत नाही. शिवाय माझा वाडगा कळ दाबली की जरासा हलतो, थबकतो आणि मग धावत सुटतो.

नेटका (पुणे)

ताई, तुमचा व्हिडिओ स्क्रॅच २ चा आहे. ती आवृत्ती २०१३ ची, ब्राउझरमधल्या फ्लॅश या जुन्या प्लगइनवर चालायची. जानेवारी २०१९ मध्ये स्क्रॅच ३ आलं आणि बरीच मांडामांड बदलली. स्टेज उजवीकडे गेली (खरं म्हणजे परत गेली, त्याआधीच्या १.४ आवृत्तीमध्येही ती उजवीकडेच होती). झेंड्याचे ब्लॉक ज्या 'इव्हेंट्स' गटात असतात तो तपकिरीचा पिवळा झाला. 'डेटा'चं नाव 'व्हेरिएबल्स' झालं.

पेन आहे, पण ते आता एक्स्टेन्शन आहे, म्हणजे वेगळं जोडून घ्यायचं. स्क्रीनच्या डाव्या तळाच्या कोपऱ्यात अधिकचं चिन्ह असलेलं बटण दिसेल, ते दाबून पेन निवडा. म्युझिकही तिथेच हलवलंय. व्हिडिओतला 'क्लिअर' तुमच्याकडे 'इरेज ऑल' असेल.

वाडगा थबकतो कारण तुम्ही 'व्हेन राइट ॲरो की प्रेस्ड' हा टोपीवाला ब्लॉक वापरला असणार. कळ दाबून धरली की कॉम्प्युटर पहिल्या ठोक्यानंतर जरा थांबतो आणि मग भराभर ठोके पाठवतो. कोणत्याही लिहायच्या खिडकीत 'क' दाबून धरा, तसंच दिसेल. त्याऐवजी झेंड्याखाली 'फॉरएव्हर', त्यात 'इफ की राइट ॲरो प्रेस्ड' आणि 'चेंज एक्स बाय १०' लावा. डावीकडे जायला वेगळा 'इफ', त्यात -१०.

स्कोअरचं दुसरं कोणी सांगा, मला मीटिंगला पळायचंय.

ठाण्याचे आजोबा

बाई, पोराला शाबासकी द्या. त्याने तुमच्या प्रोग्रॅममधला दोष मोजून दाखवलाय.

मी पस्तीसेक वर्षं कारखान्यात पीएलसीवर (यंत्रं चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर) काम केलं. त्याचा प्रोग्रॅम शिडीसारखा मांडतात, ती लॅडर म्हणजेसुद्धा चित्रांचं प्रोग्रॅमिंगच. पीएलसी सगळ्या पायऱ्या वरून खाली वाचतो आणि पुन्हा पहिलीपासून सुरू करतो, सेकंदाला कित्येक वेळा. पट्ट्यावरून बाटली सेन्सरसमोर आली की 'एकने वाढव' असं नवशिका पोरगा लिहून ठेवतो, आणि एका बाटलीला आकडा शेकड्यात जातो. कारण बाटली समोर *असेपर्यंत* प्रत्येक फेरीत बेरीज होत राहते. आपल्याला मोजायचं असतं ते बाटली *आली* तेव्हाचं.

तुमच्या वाडग्याचं हेच झालंय. 'फॉरएव्हर' साधारण सेकंदाला ३० फेऱ्या मारतो. दर फेरीत सफरचंद ५ ने खाली येतं. मधोमध झेललं तर वाडग्याला शिवल्यापासून पार होईपर्यंत ते १०० च्या आसपास उतरत असणार, म्हणजे २० फेऱ्या, म्हणून २० गुण. कडेला झेललं की शिवाशिव लवकर संपते, म्हणून ११.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, तपासा. -५ चं -१० करा. गुण निम्मे व्हायला हवेत. वर्गात हे करण्याआधी मुलांकडून अंदाज फळ्यावर लिहून घ्या, गणिताचा तास आपोआप होईल.

आता दुरुस्ती. मोजणी वाडग्याकडून काढून सफरचंदाकडे द्या. सफरचंदाच्याच 'फॉरएव्हर'मध्ये, 'इफ टचिंग बोल' च्या आत आधी 'चेंज स्कोअर बाय १' आणि लगेच खाली दोन ब्लॉक : 'गो टू रँडम पोझिशन', 'सेट वाय टू १८०'. शिवलं, मोजलं, वर गेलं. पुढच्या फेरीत शिवायला सफरचंद तिथे नसतंच. त्या हनुवटीमागे हेच दोन ब्लॉक दडले असावेत अशी माझी अटकळ.

मोजणी वाडग्याकडेच ठेवायची असेल, तर 'चेंज स्कोअर' च्या खाली 'वेट अनटिल', त्यात 'नॉट', त्यात 'टचिंग ॲपल'. मग सफरचंद सुटेपर्यंत वाडगा पुढचं मोजत नाही. हे चालतं, पण झेललेलं सफरचंद वाडग्यातून आरपार पडताना दिसतं, ते मुलांना आवडणार नाही.

झेंड्याखाली अगदी सुरुवातीला 'सेट स्कोअर टू ०' आहे ना, तेही बघा. नसेल तर नवा डाव मागच्या डावाच्या गुणांवरून सुरू होतो.

कोडकट्टा

हे ठोकळे जोडण्यात वेळ कशाला घालवता? सरळ पायथन शिकवा, कोड टाइप करून लिहायची भाषा. पुढे तेच उपयोगी पडणार.

खडूवाल्या बाई

कोडकट्टा, माझ्या सहावीत कीबोर्डवर विसर्गासारखे दोन टिंब शोधायला मुलांना अर्धा मिनिट लागतो. पायथनमध्ये ते टिंब राहिलं की इंग्रजीत लाल ओळ येते, आणि ती वाचायला पुन्हा मीच. इथे गोल ठोकळा षटकोनी खाचेत बसतच नाही, तेव्हा 'हो-नाही'च्या जागी आकडा घालता येत नाही हे त्यांना न सांगता कळतं. पायथन आठवीत बघू, आठवी आमच्याकडे नाही, हायस्कूलवाले बघतील.

आजोबा, -१० केलं. मधोमध झेलून दहा, एकदा नऊ. मग मोजणी सफरचंदाकडे दिली आणि आता एकाला एक. पीएलसी काय असतं ते घरी मिस्टरांना विचारलं, ते साखर कारखान्यात आहेत, तर त्यांनी जेवण होईपर्यंत समजावलं.

आता नवीन. एका मुलीचे सगळे निळे ब्लॉक गेले. दुसऱ्याचं मांजर भिंतीला धडकून परत येताना डोक्यावर चालतं.

नेटका (पुणे)

त्या मुलीने चुकून स्टेजवर क्लिक केलंय. निळ्या ब्लॉकच्या मोशन गटात 'स्टेज सिलेक्टेड : नो मोशन ब्लॉक्स' असं लिहिलेलं दिसेल. स्टेज जागची हलत नाही, म्हणून तिला चालायचे ब्लॉक नाहीत. खाली मांजरावर क्लिक केलं की परत येतील. मुलांना सवयच लावा, ब्लॉक ओढण्याआधी कोणतं चित्र निवडलंय ते बघायचं. ज्याला हलवायचं ते सोडून भलत्याच स्प्राइटला (स्टेजवरच्या चित्राला) स्क्रिप्ट लिहिणं हे नवशिक्यांचं सगळ्यात नेहमीचं दुखणं आहे.

मांजरासाठी मोशनमध्ये 'सेट रोटेशन स्टाइल लेफ्ट-राइट' आहे, तो झेंड्याखाली एकदा लावायचा. 'इफ ऑन एज, बाउन्स' दिशा उलटवतो. ९० म्हणजे उजवीकडे, -९० म्हणजे डावीकडे, आणि ० म्हणजे वर. (भूमितीत कोन मोजायची सवय असलेल्यांना हे आधी विचित्र वाटतं, तुम्ही गणिताच्या म्हणून सांगतोय.) स्टाइल 'ऑल अराउंड' असेल तर -९० ला चित्र पूर्ण फिरून उलटं होतं.

शाळेत नेट नसेल तर 'फाइल'मधून 'सेव्ह टू युअर कॉम्प्युटर' करायला लावा, प्रत्येकाची एसबी३ (स्क्रॅच ३ ची) फाइल पेन ड्राइव्हवर मावते. व्हिडिओबरोबर जुनी एसबी२ फाइल मिळाली असेल तर तीही स्क्रॅच ३ मध्ये उघडते. ती उघडलीत तर हनुवटीमागचे ब्लॉकही दिसतील.