लोकेशन भारी म्हणून फ्रेम भारी?
लोकेशन भारी असलं की फ्रेम आपोआप जमते असं तू वरच्या पोस्टमध्ये म्हटलंयस, नाही पटलं भावा. शॉर्टफिल्मसाठी आम्ही कोल्हापुरात रंकाळा तलावावर अख्खी संध्याकाळ घालवली, वाईड लेन्स लावली तर नुसतं पाणी नि आभाळ, माणूस कुठाय तेच कळंना. मग भवानी मंडपात कमानीच्या आत सावलीत कॅमेरा ठेवला, माणूस बाहेर उन्हात, कमानीचीच चौकट झाली आणि नजर सरळ त्याच्यावर. (कबुतरं फुकटात मिळाली.) आपले कोल्हापूरचे सिनेदिग्दर्शक बाबुराव पेंटर तर मूकपटाच्या जमान्यातच रंगवलेले पडदे सोडून खरे सेट उभारायचे, शूटिंगआधी स्केचेस काढायचे, मुळात चित्रकारच ना माणूस! तुझ्या पन्हाळ्याच्या शॉटला गडाचं जुनं प्रवेशद्वार, तीन दरवाजा, वापर की, पोरगा अंधारातून बाहेर येताना.