‘हकीकत’मधले सोबती आणि आपण : अनुभव धागा

१९६२च्या चीन युद्धातील पराभवाची जखम ओली असतानाच, १९६४ साली चेतन आनंद यांनी ‘हकीकत’ पडद्यावर आणला. लडाखच्या चौक्यांवर एकाकी पडलेल्या जवानांची एकमेकांवरची माया त्यात ज्या तन्मयतेने आली आहे, तिला आजही तोड नाही. परंतु या मैत्रीत कोणाला जागा मिळाली आणि कोण उंबऱ्याबाहेर राहिले, हे प्रत्येकाला आपापल्या घरातून निराळे दिसते. म्हणूनच सैनिकांच्या घरच्यांना, त्या मुलखात नोकरी केलेल्यांना आणि शिक्षकांना मुद्दाम लिहिते केले आहे.

सातारा जिल्ह्यातील एका सैनिकाची मुलगी

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. दूरदर्शनवर हा चित्रपट लागला की ‘होके मजबूर मुझे’ या गाण्यापाशी ते बोलणे थांबवत. रफी, तलत, मन्ना डे आणि भूपिंदर असे चार गळे त्यात येतात. चौघांची घरे वेगळी, पण घराची ओढ एकच, हे मदनमोहन यांनी नुसत्या आवाजांतून ऐकवले आहे. आई मात्र म्हणे, की गाण्यातली बाई जवानांच्या कल्पनेतच रडते. पेरणी, सासऱ्यांचे दुखणे आणि मनिऑर्डरीची वाट यांविषयी तिला कोणी विचारतच नाही. मला आईचे म्हणणे पटते. तिची पत्रे शेजारचे गुरुजी लिहून देत, त्यामुळे त्यांच्यासमोर सांगता येईल तेवढेच वडिलांपर्यंत पोचे.

लेहमध्ये काम केलेले एक अभियंता

आमच्या कार्यालयातील एका ज्येष्ठ लडाखी सहकाऱ्यांसोबत मी हा चित्रपट पाहिला. चित्रीकरण लडाखातले असल्याने ओळखीचे डोंगर दिसले की ते खुलत, आणि अंगमो पडद्यावर आली की गप्प होत. ती लडाखी मुलगी सिमल्यात जन्मलेल्या प्रिया राजवंश यांनी उभी केली आहे. अंगमो शेवटी कॅप्टन बहादूरसिंगच्या बरोबरीने लढत मरते आणि तिचा धाकटा भाऊ सोनम फौजी होऊ पाहतो, हे मान्यच आहे; तरीही लडाखी माणूस येथे प्रेयसी म्हणून येतो किंवा मूल म्हणून, खंदकात शेजारी बसलेला दोस्त म्हणून ठसत नाही. सहकाऱ्यांच्या मनाला हेच लागले होते, कारण लडाखमधल्याच नुब्रा खोऱ्याच्या चेवांग रिंचेन यांना १९४८मधील पराक्रमासाठीच महावीरचक्र मिळाले होते, आणि १९६२ साली जम्मू-काश्मीर मिलिशियाच्या ७व्या व १४व्या पलटणींतले लडाखी जवान याच मुलखात लढले होते. त्याच पलटणींतून १९६३ साली, म्हणजे चित्रपट येण्याआधीच, लडाख स्काउट्स हे लडाखी जवानांचे दल उभे राहिले. १९७१च्या युद्धात रिंचेन दुसऱ्यांदा महावीरचक्राचे मानकरी ठरले. ‘आमचा सोनम तेव्हाच मोठा झालेला होता,’ एवढेच ते सहकारी म्हणाले.

हरियाणातील रेवाडीत काही काळ राहिलेले एक बँक कर्मचारी

तेथील अहीर समाजाच्या घरांत मी लडाखमधील रेझांग ला या खिंडीतल्या लढाईविषयी ऐकले. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी तेथे लढलेल्या कुमाऊं रेजिमेंटच्या १३व्या पलटणीतील चार्ली कंपनीतले जवान बहुतेक अहीर होते, तर त्यांचे मेजर शैतानसिंग जोधपूरकडचे राजपूत. एकाच टापूतली, कित्येकदा नात्यागोत्यातली मुले एका कंपनीत असणे, हे आपल्या फौजेतले वास्तव आहे. युद्धपटांत प्रत्येक प्रांताचा एकेक जवान आणून बसवण्याची रीत आहे. तिने देश दिसतो, पण एका सकाळी एकाच टापूवर किती घरांत आकांत झाला असेल, ते दिसत नाही.

कोल्हापूरच्या एक शिक्षिका

नववीच्या वर्गात हा चित्रपट दाखवताना चिनी सैनिक पडद्यावर आले, तेव्हा मागच्या बाकावरची काही मुले वळून एका नेपाळीभाषक मुलाकडे पाहू लागली. त्याने मान खाली घातली. ज्या चित्रपटाने मैत्री शिकवावी, तोच पाहताना एक मूल आपल्याच वर्गात परके झाले, याचे मला फार वाईट वाटले. तेव्हापासून, त्याच युद्धात लडाखमधील पँगाँग सरोवराकाठच्या सिरिजाप चौकीवर ८ गोरखा रायफल्सच्या पहिल्या पलटणीतील मेजर धनसिंग थापा कसे लढले आणि त्यांना परमवीरचक्र कसे मिळाले, हे आधी सांगितल्याशिवाय मी हा चित्रपट कोणत्याही वर्गाला दाखवलेला नाही.