भाता की ब्लोअर?

लोहारकामाच्या जुन्या-नव्या अवजारांची मराठी यादी करते आहे. भट्टीला वारा देणाऱ्या विजेच्या ब्लोअरला 'भाता' म्हणावं का? शिवाय भाता तर बाणांचा असतो ना?

— दोन्ही भाते एकच. संस्कृत 'भस्त्रा' म्हणजे कातडी पिशवी. तिच्यात हवा भरली की लोहाराचा भाता, बाण भरले की धनुर्धराचा. भस्त्रिका प्राणायामही त्याच घरातला. पण ब्लोअरला भाता म्हणू नये. भाता श्वास घेतो आणि सोडतो, म्हणून तर धापा टाकणाऱ्याची छाती 'भात्यासारखी' वरखाली होते. ब्लोअर म्हणजे पेटीतला पंखा. त्याचा वारा सलग.

— सलग वाऱ्याचा मुद्दा पटला नाही. दोन कप्प्यांचा जुना भाताही जवळपास सलगच वारा देतो. खालचा कप्पा भरत असताना वरचा रिकामा होत असतो. 'पंखा आहे' एवढं कारण पुरेसं आहे.

— बरोबर, चुकलो.

— यादीत 'ऐरण' असेलच. पालीत तिला 'अधिकरणी' म्हणतात. मात्र तिच्यापुढे 'घडीव', 'पोलादी' की 'बिडाची' हे जरूर लिहा. जुन्या चांगल्या ऐरणीचं अंग घडीव लोखंडाचं आणि वर पोलादी तोंड तापवून जोडलेलं असे. आता सगळी ऐरण पोलादात ओततात. बिडाची स्वस्त पडते, पण हातोडा तिच्यावरून उसळत नाही आणि कडा उडतात. प्रश्न ऐरणीवर आणणाऱ्यांना हे कुठून कळणार!

— पॉवर हॅमरला 'यांत्रिक घण' चालेल. इंजिनिअर जेम्स नॅस्मिथने 1842 साली पेटंट घेतलेला तो 'वाफेचा घण'. हातोडा एका हाताचा, घण दोन्ही हातांचा; यंत्राला हातच नाहीत, पण घाव घणाचाच. 'घणाघाती' भाषण करणाऱ्यांनी तो एकदा जवळून ऐकावा.

— सांडशीपुढे नवं काही लिहायला नको. 'संदंश' म्हणत तेव्हाही दोन दांडे आणि एक रिवेट, आजही तेच.

ब्लोअर वेगळा ठेवला, यांत्रिक घण घेतला. आता शेवटचं: लाल तापलेलं पोलाद कडक करायला तेलात बुडवतात, त्याला 'पाणी देणे' कसं म्हणू?

— खुशाल म्हणा. तेलात ते सावकाश निवतं, तडकण्याची भीती कमी, एवढाच फरक. इथे पाणी म्हणजे बादलीतलं नव्हे, 'पाणीदार' तलवारीतलं.