'डूला'ला मराठीत काय म्हणायचं? ('डूलेला' की 'डूलाला' हेही सांगा)

मीठभाकर
मंडळी, एका भाषांतरात अडकले आहे. इथे न्यू जर्सीत लेकी-सुनांच्या बाळंतपणाला भारतातून ज्या आया-सासवा येतात, त्यांच्यासाठी चार पानी माहितीपत्रक मराठीत करायचं काम अंगावर घेतलंय. इथे डूला लावणाऱ्या आता बऱ्याच जणी दिसतात. २०२१ पासून तर राज्याच्या मेडिकेडमधूनही (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) तिचे पैसे मिळतात. मजकुराचा गाभा असा: डूला बाळंतपण करत नाही, आतून तपासत नाही, औषध देत नाही. कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत ती बाईजवळून हलत नाही, आणि नंतर घरी येऊन आईला हातभार लावते.

मी 'डूला' तसाच ठेवला होता. मजकूर तपासणाऱ्या काकांनी तांबड्या शाईत लिहिलं, 'मराठीत सुईण असताना ही उसनवारी कशाला?' मग सुईण घातली. वाक्य झालं, 'सुईण बाळंतपण करत नाही.' आईला फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाली, मग ती सुईण कशाची? आता काकांनी 'प्रसूतिसहायिका' सुचवलंय. शनिवारी छपाईला जायचंय.

शब्दवेडा
काकांचं तत्त्व बरोबर, शब्द चुकला. 'प्रसूतिसखी' करा. अर्थ लगेच कळतो, जोडाक्षरांची गर्दी नाही. 'महापौर' घडवला तेव्हाही लोक हसलेच होते, आज 'मेयर' कुणाच्या तोंडी आहे?

सिस्टरबाई
प्रसूतिसहायिका मुळीच नको. मी जिल्हा परिषदेत एएनएम होते. त्याचं लांबलचक मराठी नाव 'सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका'. माहितीपत्रकात प्रसूतिसहायिका वाचलं की भारतातून आलेली बाई समजणार की ही शिकलेली नर्स आहे, हिला टाके, इंजेक्शन, रक्तस्राव सगळं बघता येतं. डूला जे करत नाही नेमकं तेच या नावातून तिच्या अंगाला चिकटतं. सखीबिखी काय ते तुम्ही ठरवा, पण असा गैरसमज बाळंतपणात महागात पडतो.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडे दाईच म्हणतात बा. सुईण शब्द पुस्तकातला.

कोशकीटक
पुस्तकातला कसा? मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात 'सुईण' आहे आणि अर्थ सरळ मिडवाइफ असाच दिलाय. मूळ 'सूति', म्हणजे प्रसव. सूतिका, सूतिकागृह, सुतक ही सगळी त्याच घरची मंडळी.

भटकभवानी
मला तर लहानपणी सांगितलं होतं की टाके घालायची म्हणून 'सुई'ण!

कोशकीटक
सांगणाऱ्याच्या कल्पनेला दाद. पण गावच्या सुइणी कुठले टाके घालत होत्या? नाळ बांधायची, कापायची, वार पडेपर्यंत थांबायचं, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं. आणि 'सोयरसुतक' आठवा. त्यातला 'सोयर' म्हणजे सोयरा नव्हे, जन्माचा विटाळ. सुतक मरणाचं, सोयर जन्माचं. 'त्याला कशाचं सोयरसुतक नाही' म्हणजे कुणी जन्मो वा मरो, याला फरक पडत नाही.

शब्दवेडा
सोयर हा सोयऱ्यावरूनच आलेला आहे. अशौच पाळायचं ते सोयऱ्याधायऱ्यांनीच ना?

कोशकीटक
अशौच भाऊबंदांना लागतं, सोयऱ्यांना नव्हे. इथेच तुमची व्युत्पत्ती कोसळते.

मांडवीकाठ
गोव्यात आमची आजी सुइणीला 'वयजीण' म्हणायची. त्यात वैद्य दिसतोच. ती मात्र पूर्ण बाळंतपण करायची, त्यामुळे मीठभाकरताईंच्या उपयोगाचा नाही.

पाठराखीण
मी पुण्यात हेच काम करते. डूला म्हणूनच. आधी सांगते की क्लायंटच्या घरचे मला काय म्हणतात: 'त्या क्लासवाल्या मॅडम', 'मालिशवाली का?', 'डूलाताई', आणि एका आजोबांनी शेवटपर्यंत 'ढोला'.

काम काय ते थोडं सांगते, कारण शब्द त्यावरून ठरावा. अडतिसावा आठवडा लागला की माझा फोन रात्रंदिवस चालू. त्याआधी दोनतीन भेटी: कळा कशा ओळखायच्या, दवाखान्यात कधी निघायचं, डॉक्टरांना कोणते प्रश्न आधीच विचारून ठेवायचे. मग तो दिवस. कळ चढायला लागली की मी मागे उभी राहते, दोन्ही तळवे तिच्या कुल्ल्यांवर ठेवते आणि आतल्या बाजूला दाबून धरते. कळ उतरली की हात सैल. त्या वेळी एक अक्षर बोलायचं नाही. पाणी प्यायचंय का, असंसुद्धा विचारायचं नाही, कारण उत्तर देताना तिचा श्वास तुटतो. पेल्याची नळी नुसती ओठापाशी न्यायची, हवं तर ओढेल. नवरा तिथे असेल तर त्याला हे दाबणं शिकवायचं आणि आपण बाजूला व्हायचं. ठोके बघणं, तपासणं माझ्याकडे नाही. 'सिझर करू का' याचं उत्तरही मी देत नाही. घाईची वेळ नसेल तर डॉक्टरांना काय विचारावं एवढंच तिला आठवून देते.

करारात 'बॅकअप डूला' असते, तिला आम्ही सरळ 'बदली डूला' म्हणतो. बदली कामगारासारखं. तो शब्द कुणी घडवला नाही, आपसूक आला.

शब्दवेडा
अहो ताई, तुमचं टोपणनावच उत्तर आहे की! पाठराखीण!

पाठराखीण
म्हणूनच घेतलंय. पण व्हिजिटिंग कार्डावर नाही छापलं.

मीठभाकर
पाठराखीण मला फारच आवडला. पण आईच्या डोक्यात पाठराखीण म्हणजे नव्या नवरीबरोबर सासरी पाठवतात ती.

भटकभवानी
तेच तर काम आहे! नवख्या जागी, परक्या माणसांत, रीतभात ठाऊक नाही, तेव्हा आपल्या बाजूचं एक माणूस. लेबर रूम सासरपेक्षा परकी असते. दिवा डोळ्यांवर, अंगावर तो मागून उघडा गाऊन, आणि येणारा प्रत्येक जण हात घालणार. आमच्या इथल्या एका खाजगी दवाखान्यात माझ्या बहिणीने डूला ठरवली होती, पैसेही आगाऊ दिले होते. दारातच सांगितलं, एकच नातेवाईक आत येईल, ती किंवा नवरा. बिचारी डूला रात्रभर बाकावर बसून भावजींना मेसेज पाठवत होती: आता कूस बदलायला सांगा, आता पाठ चोळा.

सिस्टरबाई
सरकारी दवाखान्यात सोबत बाई असावी, असं केंद्राने २०१६ सालीच कळवलंय. नात्यातली बाई, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली, स्वच्छ कपड्यांतली, आणि स्टाफच्या कामात हात न घालणारी. आडोसा असेल तिथे नवराही चालतो. जागतिक आरोग्य संघटनाही तेच म्हणते, बाईला हवी ती सोबत द्या. प्रत्यक्षात एका खोलीत चार टेबलं, मध्ये पडदा नाही, म्हणून ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं जातं. मीही काढलंय. या सोबतीला नाव विचाराल तर आमच्या वॉर्डात एकच शब्द होता, 'नातेवाईक'. 'नातेवाईक बाहेर थांबा!'

कोशकीटक
पाठराखीण शब्दावर माझा आक्षेप वेगळा आहे. पाठराखण करणं आता राजकारण्यांनी पळवलंय. मंत्र्याने अधिकाऱ्याची पाठराखण केली म्हणजे भानगड झाकली. तो वास आता जात नाही.

शब्दवेडा
वास येतो म्हणून शब्द टाकायचे तर 'सेवा' आणि 'कार्यकर्ता' आधी टाका. आणि बाळंतपणाबद्दल अमेरिकेने आपल्याला शब्द शिकवावेत? आनंदीबाई जोशींनी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर होताना प्रबंध लिहिला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर!

मांडवीकाठ
इंग्रजीत लिहिला हो, काका.

हेलेनिका
मध्येच येते. डूला अमेरिकन नाहीच, ग्रीक आहे. 'दूले', म्हणजे दासी, गुलाम बाई. डेना राफाएल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ च्या सुमाराला तो वापरात आणला, तोही स्तनपानाबद्दल लिहिताना. म्हणजे सुरुवातीचा अर्थ बाळंतपणानंतर आईची काळजी घेणारी असा होता. पुढे ग्वाटेमालात क्लाउस आणि केनेल वगैरे डॉक्टरांनी पाहिलं की कळांच्या वेळी एक अनोळखी पण मायाळू बाई नुसती जवळ बसवली तरी बाळंतपण लवकर उरकतं. तो अभ्यास १९८० साली छापून आला आणि मग शब्द लेबर रूममध्ये शिरला. गंमत अशी की ग्रीक भाषेत सुईण 'मैया'. सॉक्रेटिसची आई मैया होती, आणि तो म्हणायचा, मीही आईचाच धंदा करतो, लोकांच्या डोक्यातले विचार बाळंत करतो.

वऱ्हाडी_ठेचा
म्हणजे सरळ भाषांतर 'बटीक'? छापा मग पत्रकात, 'आमच्याकडे बटीक भाड्याने मिळेल'.

कोशकीटक
पेशवाईतला शब्द 'कुणबीण'. घरकामाच्या गुलाम बाया असायच्या, खरेदी-विक्री व्हायची त्यांची. अमेरिकेतल्या काही काळ्या बाया याच कारणाने डूला म्हणवून घेत नाहीत, नुसतं जन्माच्या कामातली बाई म्हणतात. त्यांच्या पणज्या-आज्यांनी गुलामीत दुसऱ्यांची बाळंतपणं केली, मुलं पाजली. तेव्हा मूळ अर्थाकडे न गेलेलं बरं.

भटकभवानी
मला इतके दिवस वाटायचं की डूला आपल्या 'डोहाळे'वरूनच तिकडे गेलाय.

कोशकीटक
डोहाळे 'दोहद'वरून. नका हो असं करू.

मीठभाकर
दासी, सॉक्रेटिस सगळं वाचलं, मजा आली. पण वाक्य? आणि बाळंतपणानंतर येणारी डूला तीच की वेगळी? मूळ मजकुरात दोन्ही आहेत. ती बाळाला आंघोळ घालते का, या प्रश्नावर आमच्याकडे एका सासूबाईंनी डूलेला घराबाहेर काढलंय, कारण त्यांनी तिला मालिशवाली समजून तेलाची वाटी हातात दिली होती.

पाठराखीण
बहुतेकदा वेगळी. ती बाळ अंगावर पाजायला कसं धरायचं ते दाखवते, आईला दोन तास झोपू देते, जेवण पुढ्यात आणून ठेवते, आणि आई रोज रडतेय, झोप उडालीय, तर डॉक्टरकडे जा म्हणून सांगते. तेल-शेक-शेगडी करणारी बाई निराळी. तिचं शिक्षण निराळं, दर निराळा. ओल्या बाळंतिणीच्या घरी दोघी एकाच वेळी आल्या की काय होतं ते मी पाहिलंय.

सिस्टरबाई
इकडे निम्मं काम आशाताई करते की. दवाखान्यात बाळंतपण झालं तर बेचाळीस दिवसांत सहा फेऱ्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा दिवस. घरी झालं तर पहिल्या दिवसाची आणखी एक. बाळाचं वजन, ताप, नाळ, पिणं. लक्ष जास्त बाळाकडे असतं हे खरं.

भटकभवानी
खरं सांगू? आपल्याकडे या कामाला नाव नाही, कारण ते कधी एकीचं नव्हतंच. सुईण बाळंतपण करायची, आई उशाशी बसायची, मावशी डिंक-हळीव बघायची, न्हाऊ घालायला वेगळी बाई. आता फ्लॅटमध्ये दोघंच, म्हणून त्यातली उशाशी बसणारी तेवढी पैसे देऊन आणायची वेळ आली. जिला कधी पैसेच द्यायचे नव्हते तिच्या कामाला शब्द कोण पाडणार?

शब्दवेडा
मग पाडा ना आता! 'उशासोबतीण'!

मांडवीकाठ
हे ऐकायला भलतंच वाटतं, काका.

वऱ्हाडी_ठेचा
भलतं म्हणाल तर 'डूला ठेवली' म्हणू नका मात्र. आमच्या एका मित्राने ऑफिसात सांगितलं, 'बायकोच्या बाळंतपणासाठी बाई ठेवलीय'. आठवडाभर चर्चा.

कोशकीटक
हा मुद्दा चर्चेचा आहे. गडी ठेवतात, बाई लावतात, क्लास लावतात, डबा लावतात, वकील देतात किंवा करतात. डूलाला 'लावली' हेच तोंडात बसतं, पण त्यात धुणीभांडीवाल्या बाईची पायरी येते. 'नेमली' म्हटलं की सरकारी समिती. मी 'डूला केली' म्हणेन, वकील केला तसं.

आणि मीठभाकरताई, तुम्ही वर 'डूलेला' लिहिलंत. पहिल्या ओळीत 'डूला'ला लिहिलंत. ठरवा काहीतरी. शाळा-शाळेला, तशी डूला-डूलेला, हे व्याकरणाने चोख. पण परक्या शब्दाला आपण सहसा असं वाकवत नाही.

हेलेनिका
'आया' बघा. पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. 'आयेला सांग' म्हणतो का आपण? आयाला किंवा आयाबाईला.

शब्दवेडा
आमच्या शाळेत आयेला म्हणत असत. पुणे, १९७२.

भटकभवानी
पुणे.

मीठभाकर
मी सध्या 'डूला (बाळंतिणीची सोबतीण)' असं कच्च्या प्रतीत टाकलंय. मजकूर तपासणारे काका म्हणतात सोबतीण चालेल, डूला काढा. सून म्हणते डूला ठेवा, कारण फोन करताना तोच शब्द लागेल. अजून एक, मूळ मजकुरात जिथे 'काँट्रॅक्शन', म्हणजे गर्भाशयाचं आकुंचन, आहे तिथे मी कळा लिहिलंय. बरोबर ना?

शब्दवेडा
वेणा लिहा. कळ पोटात, दाढेत, पायातही येते. वेणा फक्त प्रसूतीच्या.

पाठराखीण
वेणा म्हटलं की बाई आधीच घाबरते. मी 'लाट आली' म्हणते.

कोशकीटक
लाट हे इंग्रजीचं भाषांतर झालं.

सिस्टरबाई
आम्ही केसपेपरवर 'कळा सुरू, सकाळी ६' असंच लिहायचो. वेणा लिहिलं असतं तर नव्या डॉक्टरांनी विचारलं असतं, कुणाची वेणी?

शब्दवेडा
वेणीचा काही संबंध नाही. वेदना, वेअणा, वेण. एकवचन वेण, अनेकवचन वेणा.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडे एकच शब्द. 'तिचं दुखून राह्यलं.' गाडी काढायला तेवढा पुरतो.