आडनावबंधू म्हणावं का? (मेंडोझा, मेंदोसा आणि एक रखडलेलं शीर्षक)

रेघोट्या
दोन दिवस एका शब्दावर अडून बसले आहे. एका मासिकासाठी छोट्या चौकटींची भाषांतरं करते. परवाची चौकट मेंडोझा या स्पॅनिश आडनावाची. हे नाव असलेली माणसं आणि ठिकाणं एका जागी गोळा केलेली आहेत. आर्जेन्टिनातलं मेंडोझा शहर आहे, 'नव्या स्पेन'चा म्हणजे तेव्हाच्या मेक्सिकोचा पहिला व्हाइसरॉय आंतोनियो दे मेंडोझा (१५३५ ते १५५०) आहे, १५३६ साली ब्यूनोस आयरेस पहिल्यांदा वसवणारा पेद्रो दे मेंडोझा आहे. शिवाय लंडनचा ज्यू मुष्टियोद्धा डॅनियल मेंडोझा (१७६४-१८३६), टेक्ससची गायिका लिडिया मेंडोझा आणि २००९ साली कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचं पारितोषिक घेणारे फिलिपिनो ब्रिलान्ते मेंडोझा.

मी शीर्षक दिलं, 'मेंडोझा आणि आडनावबंधू'. संपादकांनी लाल शाईत शेरा मारला: 'शहर कुणाचा बंधू? लिडियाबाई बंधू कशा?' आणि 'आडनावबंधू हा शब्द मराठी नाही, गमतीने पाडलेला आहे.' माझे वडील हा शब्द सर्रास वापरायचे. एसटीत शेजारी आमच्याच आडनावाचा कुणी भेटला की घरी येऊन पहिली बातमी तीच, 'आज एक आडनावबंधू भेटला.' हा शब्द तुमच्याकडे आहे की नाही? आणि माणसं व गावं दोन्ही मावतील असा दुसरा शब्द सुचतो का? गुरुवारपर्यंत द्यायचं आहे.

जुनाखोड
शब्द आहे, चांगला आहे, आणि संपादकांना त्यात काय खुपलं ते कळत नाही. गुरुबंधू, व्यवसायबंधू चालतात. तिथे कुणी जन्मदाखला मागत नाही. बाईसाठी आडनावभगिनी करावा. शहरासाठी मात्र चालणार नाही हे मान्य. तिथे 'समनामी' घ्या. संस्कृत आहे, स्वच्छ आहे, माणूस-गाव-नदी सगळ्यांना लागतो.
पण ताई, त्याआधीचं सांगा. 'मेंडोझा' हे कोणी ठरवलं? स्पॅनिशमध्ये तिथे द आहे, ड नाही. आणि झाडातला झ तर त्या भाषेत नाहीच. आर्जेन्टिनात 'मेंदोसा' म्हणतात. आपण इंग्रजांच्या तोंडून ऐकतो आणि त्यांच्याच तोंडाने बोलतो.

चकली
समनामी ऐकलं की सुनामी आठवते. शहराच्या बाबतीत तर नकोच.

बदलापूर_लोकल
जुनाखोड सर, 'मेंदोसा' लिहिलंत तर माद्रिदचा माणूस भांडायला येईल. स्पेनच्या बऱ्याच भागात तो 'मेंदोथा'सारखा ऐकू येतो, जीभ दातांत ठेवून. आणि तो आपला थ पण नव्हे. म्हणजे मराठीत एकही अक्षर बरोबर नाही. वर्तमानपत्रांत इतकी वर्षं मेंडोझा छापून येतंय, राहू द्या.

जुनाखोड
'इतकी वर्षं छापून येतंय' हे चुकीचं समर्थन नव्हे, चुकीचं वय आहे.

रेघोट्या
मूळ प्रश्न आडनावबंधूचा होता...

परतीचा_पाऊस
विषय निघालाच आहे तर. मी सिॲटलला असतो. इकडे बेसबॉलमध्ये 'मेंडोझा लाइन' म्हणतात, म्हणजे फलंदाजाची सरासरी ०.२०० च्या खाली गेली की तो मेंडोझा लाइनच्या खाली. मारियो मेंडोझा नावाचा मेक्सिकन खेळाडू होता, क्षेत्ररक्षण उत्तम आणि बॅट हातात घेतली की आनंद. सिॲटलच्या संघात असताना सोबतच्या खेळाडूंनी चिडवायला हा शब्द काढला, तो इतका पसरला की आता बेसबॉल न बघणारेही वापरतात. गंमत म्हणजे त्या बिचाऱ्याची कारकीर्दीची सरासरी ०.२१५ आहे. स्वतः रेषेच्या वर आणि नाव मात्र रेषेला.
चौकटीत हा नसेल तर घाला. मराठीत 'मेंडोझा रेषा' लिहाल का? आमच्या ऑफिसात एकाने माझ्या विक्रीच्या आकड्यांना हेच म्हटलं होतं, तेव्हा मला वाटलं कुठलीतरी दारू आहे.

चकली
माणसाचं नाव असं वाईट कामाला जुंपायची पद्धत आपल्याकडेही आहे की. अफझलखानी मिठी. फडणविशी कारस्थान. आणि सगळ्यात गरीब तो नाना, ज्याची टांग आपण पिढ्यानपिढ्या ओढतोय. कुठला नाना, कुठली टांग, कुणाला पत्ता नाही.

बाराखडीबाबा
मेंडोझा हे मूळ मेंढ्या राखणाऱ्यांचं नाव असणार. मेंढी, मेंढा, मेंडोझा. धनगर लोक पश्चिमेकडे गेले तेव्हा...

बदलापूर_लोकल
बाबा, थांबा. हे नाव बास्क आहे. 'मेंदी' म्हणजे डोंगर, 'होत्झ' म्हणजे थंड. थंड डोंगर. स्पेनच्या उत्तरेला आलावा प्रांतात, व्हितोरिया शहराजवळ मेंदोझा नावाचं खरंखुरं गाव आहे, मनोऱ्यासकट. हे घराणं तिथलं. मग ते खाली कास्तीयच्या राज्यात आलं आणि मोठं झालं. त्यांच्यातले कार्डिनल पेद्रो गोन्सालेस दे मेंदोझा (१४२८-१४९५) फर्डिनांड-इसाबेलाच्या काळात इतके बलवान होते की लोक त्यांना स्पेनचा तिसरा राजा म्हणत.

बाराखडीबाबा
मेंढ्या डोंगरावरच चरतात. मुद्दा तोच.

बेळगावी_कुंदा
म्हणजे आधी गाव, गावावरून आडनाव. हे तर आपलंच की. निंबळकचे ते निंबाळकर, तसे मेंदोझाचे ते 'दे मेंदोझा'. तो 'दे' म्हणजे आपला 'कर'. पेद्रो मेंदोझेकर.
आणि आडनावातला 'आड' कुठून आला हेही बघा. कन्नडमध्ये 'अड्डहेसरु' म्हणतात. अड्ड म्हणजे आडवं. आमच्याकडचाच शब्द तुम्ही उचलून नाव जोडलंत, माझी खात्री आहे.

जुनाखोड
आडवाट, आडवळण, आडगाव, आडकाठी हे सगळे शब्द बेळगावहूनच आले का? आड हा मराठीचा जुना संसार आहे. कन्नडने घेतला असेल.

बेळगावी_कुंदा
सर, सीमाप्रश्न इथे नको.

चकली
मेंदोझेकर झकास! आता सामान्यरूप सांगा. मेंदोसात, मेंदोस्यात की मेंदोशात? पैसा-पैशाला, ससा-सशाला, डोसा-डोशाला. मग 'मेंदोशाला जाऊन डोशाबरोबर माल्बेक वाइन घेतली' असं लिहायला हवं.

जुनाखोड
नियमाने 'मेंदोशात' हेच येतं. आग्र्यात, गोव्यात म्हणतो तसं.

बदलापूर_लोकल
मग 'कॅनड्यात' म्हणा. मोंबाशात म्हणा. परकी गावं आली की आपण ती न वाकवता ठेवतो, कॅनडात, मोंबासात. आडनावांनाही तेच. गोखलेंनी की गोखल्यांनी यावर इथे एकदा तीन दिवस मारामारी झाली होती, आठवतंय ना? शर्म्यांनी असं मात्र कुणीच लिहीत नाही.

जुनाखोड
गोखल्यांनी. आणि तीन दिवस नव्हे, पाच.

वसईचा_किनारा
बराच वेळ वाचतोय. एक घरचं सांगतो. आमच्या गावात मेंडीस आणि मेंडोन्सा दोन्ही आहेत. प्राथमिक शाळेत गुरुजी हजेरी घेताना मला मेंडोन्सा म्हणत आणि पुढच्या मेंडीसला 'दुसरा मेंडोन्सा'. मराठीत लिहिताना त्यांच्या पटावर दोघं एकाच स्पेलिंगचे झाले होते. वर्षाच्या शेवटी त्याची गुणपत्रिका माझ्या घरी आली. गणितात सव्वीस. वडिलांचा हात उठला होता, तेवढ्यात आईने वडिलांच्या नावाचा रकाना वाचला म्हणून वाचलो.
दोन्ही नावांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मेंडीस म्हणजे पोर्तुगीज मेंदेस, 'मेंदोचा मुलगा', मेंदो हे माणसाचं नाव. स्पॅनिशमध्ये तेच मेंदेस, पण शेवटी झेड लिहितात. मेंडोन्सा मात्र तुमच्या मेंदोझाचं पोर्तुगीज रूप. म्हणजे थंड डोंगर. वसईच्या उकाड्यात.

रेघोट्या
अरे वा, हे मला माहीत नव्हतं! म्हणजे चौकटीत गोवा-वसईचा दुवा देता येईल?

वसईचा_किनारा
देता येईल. आंद्रे फुर्तादो दे मेंदोन्सा नावाचा पोर्तुगीज कप्तान होता. १६०० साली त्याने कालिकतच्या झामोरिनशी, म्हणजे तिथल्या राजाशी, हातमिळवणी करून मलबारचा आरमारी सरदार कुंजाली मरक्कार याचा किल्ला घेतला, कुंजालीला गोव्यात नेलं, तिथे त्याला मारलं. १६०९ मध्ये तो थोडे महिने गोव्यात गव्हर्नरही होता. फुर्तादो आमच्याकडे फुर्ट्याडो म्हणून आहेतच. स्पॅनिशमध्ये त्याचंच उर्तादो होतं, लिहिताना एच पण म्हणताना गायब. अर्थ 'चोरलेला'. आर्जेन्टिनाच्या त्या शहराचं नाव ज्याच्यावरून पडलं तो चिलीचा गव्हर्नर गार्सिया उर्तादो दे मेंदोझा. शहर १५६१ मध्ये पेद्रो देल कास्तियोने वसवलं आणि नाव साहेबाचं दिलं. फुर्तादो दे मेंदोन्सा आणि उर्तादो दे मेंदोझा, दोन भाषांतलं एकच नाव.
पण म्हणून मी कुंजालीला मारणाऱ्याचा 'बंधू' नव्हे हो. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचं किंवा गॉडफादरचं आडनाव मिळायचं, आमच्याकडची बरीचशी पोर्तुगीज आडनावं तशीच आली. रक्ताचं काही नाही. 'आडनावबंधू' बद्दल माझी हरकत तीच. बंधू म्हटलं की लोक कुळी शोधायला लागतात.

बदलापूर_लोकल
फिलिपिन्समध्ये तर आणखी मजा. १८४९ मध्ये गव्हर्नर-जनरल क्लाव्हेरियाने हुकूम काढला की सगळ्यांनी आडनाव घ्यावं, आणि आडनावांची छापील यादीच पाठवली. वाटप असं झालं की काही गावांत सगळ्यांची आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात. तिथे कुणाचं स्पॅनिश आडनाव ऐकून स्पॅनिश पूर्वज काढू नयेत.

जुनाखोड
म्हणूनच म्हणतो, समनामी. त्यात रक्त येत नाही.

चकली
सर, विकिपीडियावर अशा पानांना 'निःसंदिग्धीकरण' म्हणतात. तुमच्या आवडीचा शब्द. एकदा म्हणून बघा, शेंगदाणा दाढेत अडकल्यासारखं वाटतं.

जुनाखोड
मी तो शब्द रोज म्हणतो. दाढा शाबूत आहेत.

पाटपाणी
नमस्कार, मी द्राक्षवाला, निफाड भागातला. सहसा वाचूनच जातो. मेंडोझा आमच्याकडे बागायतदारांच्या बोलण्यात येतं, कारण तिथली माल्बेक. तिथे वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बाकी सगळं पाणी अँडीजच्या बर्फाचं, कालव्याने आणलेलं. शहरातल्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना उघडे पाट आहेत, झाडांच्या मुळाशी वाहणारे, आणि फूटपाथवरून रस्त्यावर उतरताना त्यावर छोटे पूल. माझा मेहुणा जाऊन आला, पहिल्याच दिवशी मोबाइलकडे बघत पाटात पडला.
त्या पाटाला ते 'असेकिया' म्हणतात, मुळात अरबी शब्द, 'साकिया'. आणि दारं उघडून ज्याला त्याला पाळीचं पाणी देणारा माणूस असतो, त्याला 'तोमेरो'. म्हणजे आपला पाटकरी! पांझरा, मोसम नद्यांच्या फडांवर, म्हणजे सामाईक पाटपाण्याच्या शेतांवर, अजून पाटकरी आहेत. भाषांतर करताना 'कालवा नियंत्रक' वगैरे लिहू नका ही विनंती. ताई, पाटकरी लिहा.

रेघोट्या
दादा, चौकटीत पाट नाही, पण आता घालणार. १८६१ च्या भूकंपात जुनं शहर पडलं एवढंच मूळ मजकुरात आहे.

परतीचा_पाऊस
साकी हा शब्दही त्यातलाच ना? साकिया, साकी, पाणी पाजणारा, मग दारू पाजणारा. माल्बेकशी जुळलं बघा.

बाराखडीबाबा
साकीनाका.

बदलापूर_लोकल
नको. कृपया नको.

बेळगावी_कुंदा
आणखी एक विचारतो. 'कोडेक्स मेंडोझा'चं मराठी काय कराल? ऑक्सफर्डला आहे तो, अॅझ्टेक राजांनी जिंकलेली गावं, कोणत्या गावाने किती सारा भरायचा, सगळं चित्रांत. १५४१ च्या सुमाराचा. तो त्या पहिल्या व्हाइसरॉयच्या नावानेच ओळखतात. हस्तलिखित म्हणावं की पोथी?

जुनाखोड
बाड.

चकली
'मेंडोझाचं बाड' ऐकून सासरच्या लग्नातलं सामान वाटतं.

जुनाखोड
दप्तर म्हणा मग. साऱ्याचे आकडे आहेत, पेशवे दप्तरासारखंच. पण हे मेंदोझा दप्तर म्हणजे त्याच्या कचेरीतला कागद नव्हे, हे तळटीपेत यावं.

रेघोट्या
सगळ्यांचे आभार. काल रात्री 'समनामी' आणि 'आडनावबंधू' दोन्ही काढून शीर्षक 'मेंडोझा: एक नाव, अनेक धनी' असं करून पाठवलं. पाटकरी ठेवला. वसईच्या दादांचं फुर्तादो-उर्तादोही दोन ओळींत बसवलं, आणि खाली लिहिलं की यांत कुणाचं कुणाशी नातं असेलच असं नाही.
आज छापील अंक आला. शीर्षक: 'मेंडोझा घराणं: जगभर पसारा'. नात्याची ओळ जागेअभावी उडवली आहे. व्हाइसरॉय, मुष्टियोद्धा, सिॲटलचा बेसबॉलवाला आणि फिलिपिनो दिग्दर्शक एकाच वंशवृक्षाच्या फांद्यांवर बसवले आहेत, चित्र काढून. बुंध्याशी शहर.

वसईचा_किनारा
माझी फांदी कुठली?

जुनाखोड
'जगभर पसारा' चूक. 'जगभरचा पसारा' हवं.

बदलापूर_लोकल
'जगभर पसारा' चालतं, तिथे 'असलेला' अध्याहृत आहे.

जुनाखोड
कुठल्या व्याकरणात?